तिच्या मापाचा माळा

१२ फेब्रुवारी

सर्व्हेच्या जर्नलची ही वही कोरीच राहिली. कॉलेज सुटलं, वही उरली. म्हटलं, वाया कशाला घालवायची.

आज ठरलं. नव्या घराचा माळा मी करणार.

कळंबच्या शिवारात, उसाला लागून आमचं हे घर. राहायला येऊन दोन महिने झाले. खाली चार खोल्या, वर लोखंडी कैच्यांच्या तिकोनी सांगाड्यावर कौलाच्या आकाराचा पत्रा, आणि मधे नुसती पोकळी. जुन्या घराच्या सागवानी तुळया अण्णांनी त्या पोकळीत आडव्या टाकून ठेवल्यात, "माळ्याचं नंतर बघू" म्हणून. ते नंतर काही उजाडेना. आईच्या गोधड्या, डाळींचे डबे, कांद्याचं बी, सगळं माजघरात पायात येतंय.

मी आईला सांगितलं, आईनं अण्णांना. अण्णा माझ्यापासून पाच हातांवर जेवत होते. आईकडं बघून म्हणाले, "तुज्या इंजिनेरला सांग, हे पण अर्ध्यात सोडायचं आसंल तर हात घालू नको म्हणावं."

जानेवारीपासून आमचं बोलणं असं आईमार्फत चालतं. मी ताट सारून उठलो. आता तर करणारच.

खरं कारण इथंच लिहितो. गेल्या पावसाळ्यात कँटीनच्या पत्र्याखाली उभे होतो. अक्षदा म्हणाली, "मला ना, पत्र्याच्या अगदी जवळ झोपायला आवडतं. पाऊस कानात पडल्यासारखा वाटतो." आम्ही आठ जण होतो तिथं. पण बोलताना ती माझ्याकडं बघत होती. बहुतेक.

१५ फेब्रुवारी

भागूबाबा आले. घोडेगावच्या वर, भीमाशंकरच्या रस्त्यानं आत त्यांचं गाव. भात झोडून झालं की सुतारकामाला खाली उतरतात, पावसाच्या आधी माघारी. अण्णांची जुनी ओळख. बिबट्याच्या भीतीनं पडवीत कुणी झोपत नाही, तर तुळयांवर दोन फळ्या टाकून वरच पथारी पसरणार म्हणाले.

मला बघून पहिलं वाक्य, "निम्मा इंजिनेर तूच का?" डोक्यात तिडीक गेली. पण पुढचा एकच दात राहिलेला माणूस हसतो तेव्हा नीट चिडताही येत नाही, राव.

माळ्याचं असं आहे. मधे आढ्याखाली आठ फूट उंची, तिथून दोन्हीकडं उतरत उतरत कडेला तीन. म्हणजे मधे राहायची खोली, कडेच्या उतारात सामान, आणि दोहोंमधे फळ्यांचा आडोसा. आडोसा कडेला न्याल तेवढी खोली मोठी, पण तेवढं डोकं कैचीला लागणार.

बाबांकडं टेप नाही. वेळूची काठी आहे, तिच्यावर खाच पाडतात. म्हणाले, "माप कुणाचं धरायचं? हितं ऱ्हानार कोन?"

"म्हणजे?"

"आरं, सैपाकघरात फळी मारायची तर बाईचा हात बगायचा. जिन्याला चढनाऱ्याचा गुडघा. माळ्याला ऱ्हानाऱ्याचं डोस्कं. मानूस बगून काम करायचं आस्तं, भित्ताड बगून न्हाई."

मी टेप ओढून पाच फूट दोन इंचांवर बोट ठेवलं. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला अक्षदा मोजपट्टी उभी धरायची आणि मी दुर्बिणीतून बघायचो. तिचं डोकं पट्टीवर कुठल्या आकड्याशी येतं, हे मला झोपेतही सांगता येईल.

बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुजं तर न्हाई हे."

"धरा सांगितलं तेवढं."

खाच पाडली. जरा वेळानं रंधा मारता मारता म्हणाले, "बाईनं बगितलंय का घर?"

मी ऐकलंच नाही असं केलं.

१६ फेब्रुवारी

अक्षदाला तुळयांचा फोटो पाठवला. तीन तासांनी उत्तर आलं, "अरे वा." दोनच शब्द. पण त्यात 'अरे' आहे. नुसतं 'वा'सुद्धा म्हणता आलं असतं.

२३ फेब्रुवारी

खालच्या फळ्या बसल्या. चालताना करकरत नाहीत. फोटो पाठवला तर ती म्हणाली, "अंधार वाटतोय."

लगेच गवंडी बोलावून भिंतीत खिडकी पाडली. अण्णा अंगणात तंबाखू मळता मळता आईला, "घरभरणीचं तोरण सुकलं न्हाई आजून, आन् भोकं पाडाया लागलं ते. इचार त्याला, पुढं काय दार पाडनार का आभाळात?"

खिडकी उत्तरेला घेतली. ओतूर त्या बाजूला. तिचं गाव. दिसत काही नाही, मधे ऊस आणि हायवे आहे.

२ मार्च

जिन्यावरून आईशी वाजलं. जागा वाचावी म्हणून मी जिना उभाच घेतला, एकेक पायरी दहा इंचांची. मी तीन टांगांत वर जातो. आई चौथ्या पायरीवर कठडा धरून थांबली.

"बाबा रे, माज्या गुडघ्याचं काय?"

"तुला काय पाहिजे ते सांगत जा. मी काढून देईन."

"तू आसलास म्हंजी."

"असणारच आहे की! कुठं जाणारे मी?"

ती उतरताना उलटी उतरली, लहान पोरासारखी. मला त्याचाच राग आला. का आला, माहीत नाही.

कपाळाला टेंगूळ आहे. आडोशापाशी कैची बरोबर माझ्या भुवईवर येते. आज तिसऱ्यांदा लागली.

९ मार्च

भागूबाबा गेले.

दोन्ही बाजूंच्या भिंतीत वर, आढ्याजवळ, त्यांनी झरोके ठेवले होते. मी फोनवर खोल्या बघतो, कुठल्याच खोलीला असली भोकं नसतात. प्लायवूड मारून बुजवायला सांगितलं.

बाबा म्हणाले, "बराखीतल्या कांद्याला खालून वारं लागतं, न्हायतर सडतो. मानसाला नको व्हय? पत्रा हाय वर. भट्टी व्हईल."

"मला शिकवू नका. मी शिकलोय हे."

"निम्मं."

झालं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "आठवी तरी झालीय का तुझी?" हेही बोललो. तुझी म्हणालो, एकेरी. ते कुणी सहन केलं नसतं. त्यांनी हत्यारं पोत्यात भरली, आईला "येतो गं माय" म्हणाले आणि घोडेगावच्या एसटीला गेले.

संध्याकाळपर्यंत मी एकट्यानं दोन्ही झरोके बुजवले.

२८ मार्च

दुपारी वर थर्मामीटर नेला. त्रेचाळीस. तरी मी वरच बसतो. खाली बसलं की येणारा-जाणारा विचारतो, "काय सुदर्शनराव, सुट्टी का?"

अकरा दिवस अक्षदाचं उत्तर नाही. परीक्षा जवळ आली असेल. कॉलेजच्या ग्रुपवर मी अजून आहे, पण त्यावर कुणी काही टाकतच नाही हल्ली. अभ्यासाला लागलेत वाटतं सगळे. नऊच्या नऊ जण.

जानेवारीतलं आठवतं. गॅदरिंगला कॉलेजातला एक पोरगा स्टेजमागं अक्षदाबद्दल घाण बोलला, ते मी ऐकलं. नंतरचं मला नीट आठवतही नाही. त्याचा दात माझ्या बोटात रुतला होता, एवढं आठवतं. पंधरा दिवस काढून टाकलं मला. पंधरा दिवस! मी म्हटलं, कायमचंच घ्या, आणि दाखला काढून आणला. अक्षदा ऑफिसच्या पायऱ्यांवर उभी होती. रडत होती. माझ्यासाठी आजपर्यंत कुणी असं रडलं नव्हतं.

घाम टपटपतोय वहीवर. बास.

६ एप्रिल

भागूबाबांना आणायला गेलो. आई म्हणाली, "गुळाची ढेप घिऊन जा, आन् तोंड उघडायच्या आधी पाया पड."

डोंगराच्या अंगाला घर. चुलीच्या वर माळा, धुरानं काळाभोर, त्यावर नाचणीच्या कणग्या. झुंबरबाई, म्हणजे बाबांची बायको, मी पाया पडेपर्यंतही थांबल्या नाहीत, त्यांनी भाकरी पुढं केली. बाबा म्हणाले, "लई तापला का रं माळा?"

"भट्टी झालीय."

"मंग खा आता."

एवढ्यावर मिटलं. मला वाटलं होतं बरंच बोलावं लागेल.

घराला लागून एक नवीकोरी खोली होती, कुलूप घातलेली. मी विचारलं.

"पोराची," बाबा म्हणाले. "चाकणला कंपनीत हाय. त्याच्यासाटी बांदली, तीन सालं झाली. खिडकीला सागाची चौकट हाय, बगून घे."

झुंबरबाई चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "त्यानं मागितली व्हती व्हय? त्यानं तिकडंच घर बगितलंय."

"इचारायचं काय? पोरगं हाय माजं."

"तेच म्हनते मी."

म्हाताऱ्यांची भांडणं. मी सागाची चौकट बघितली, काम एक नंबर. पोरगं येत नाही याचं मला आश्चर्य वाटलं. एवढं कुणी आपल्यासाठी केल्यावर यायला नको?

१९ एप्रिल

झरोके उघडले. जिनाही मोडून पुन्हा केला, पायऱ्या बुटक्या, मधे एक टप्पा. बाबांनी आईला अंगणात विटेवर पाय ठेवायला लावला, गुडघा बघितला आणि काठीवर खाच केली. आई लाजली. म्हणाली, "ह्या घरात माजं माप कुनी पैल्यांदाच घेतलं."

आता ती दिवसातून चारदा वर जाते. गोधड्या, डबे, बी, सगळं उतारात मांडलंय. मधली खोली मोकळी. पांढरा रंग दिला, खिडकीखाली बसायला बाकडं केलं.

आज मंचरहून आलो तर आढ्याला पंखा. नवा. वायरिंगसकट. आईला विचारलं तर म्हणे, "लाइटवाला आला व्हता, लावून गेला. मला काय ठावं?" आईचंच काम हे, दुसरं कोण करणार? अण्णा तर माळ्यावर एकदाही चढले नाहीत. कडेच्या फळीवर चुन्यातंबाखूचा डाग पडलाय नवीन, तो लाइटवाल्याचाच. पुसून काढला.

बाबा निघाले. गावाकडं राब भाजायचेत, भाताच्या रोपांची जमीन तयार करायला. जाताना आडोशाजवळ उभे राहिले, माझ्या टेंगळाकडं बघितलं. "आजून बी हालवता यील चार बोटं. मदी घेऊ का?"

"नको. बरोबर आहे."

"बरं."

२ मे

अक्षदाचा मेसेज!! "घरी आहेस का? रविवारी येऊ का? बोलायचं आहे."

मी वाक्य सोळा वेळा वाचलं. 'बोलायचं आहे.' आईला सांगितलं, कॉलेजातली एक मुलगी येतेय, पुस्तक न्यायला. आई म्हणाली, "कंचं पुस्तक?" मला पुस्तक आठवेना.

४ मे, रविवार

ती आली. अकराच्या एसटीनं, एकटीच. आईला वाकून नमस्कार केला. आईनं तिला पन्हं दिलं आणि मागच्या दारी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. अण्णा भर उन्हात उसाकडं निघून गेले.

आम्ही वर गेलो. आडोशापाशी, जिथं मी रोज कपाळ आपटतो, तिथं ती सरळ उभी राहिली. केस आणि लोखंड यांत दोन बोटं अंतर. तिला कळलंही नाही.

"छान केलंयस रे," म्हणाली. "काकूंच्या सामानाला किती जागा झाली."

"सामान कडेला. मधली खोली राहायला."

"तू राहणार?"

आता सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "सुदर्शन, पप्पा मला शेवटच्या वर्षाला पाठवत नाहीत."

तिनं सगळं सांगितलं. मारामारीची गोष्ट कुणीतरी ओतूरला पोचवली. तिच्या पप्पांना वाटतं, आमचं काहीतरी आहे, पोरगं उगाच कुणाचा दात पाडत नाही. मार्चमधे तिचा फोन काढून घेतला होता. आता परीक्षा झाली की घरी बस म्हणतात.

"मी येतो ना," मी म्हटलं. "मी सांगतो त्यांना."

"काय सांगशील?"

"की माझं तुझ्यावर..."

"तेच नको." तिनं हात वर केला. "आपलं काही नव्हतं, एवढं येऊन सांग. मी सांगून थकले. तू सांगितलंस तर ऐकतील. तेवढंच मागायला आलेय."

"मी तुझ्यासाठी मारलं त्याला! कॉलेज सोडलं तुझ्यासाठी!"

"मी म्हटलं होतं?"

"तो काय बोलला ते तुला..."

"मला माहीत आहे तो काय बोलला. मलाच बोलला होता ना? मी त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिला होता. दोघी साक्षीदार मिळवल्या होत्या, कशाबशा. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तू त्याचा दात पाडलास आणि तोच गरीब बिचारा झाला. माझा अर्ज कोण घेणार मग? त्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्यांवर अर्ज हातात धरूनच उभी होते मी."

मला काही सुचेनासं झालं की मी ओरडतो. "मग जा! कशाला आलीस?" असं ओरडलो. खाली भांड्यांचा आवाज थांबला.

ती शांतपणे म्हणाली, "तेवढं मागायलाच आलेय. सांगितलं की."

ती खाली उतरल्यावर आईनं तिच्या हातात कुरडयांची पिशवी दिली. तिनं घेतली. दोनच्या एसटीनं गेली.

५ मे

काही नाही.

८ मे

तीन दिवस कुणाशी बोललो नाही. अण्णांशी आईमार्फतसुद्धा नाही. खिडकीला पोतं लावलं, उजेड नको वाटतो.

अर्जाचं डोक्यातून जात नाही. ती अर्ज लिहीत होती आणि मला पत्ताच नव्हता. मग म्हटलं, तिचं मला माहीत काय काय आहे, ते तरी बघू. भाऊ आहे का? माहीत नाही. तिला चहा लागतो की कॉफी? आई काय करते? पुढं तिला कुठं नोकरी करायचीय? तासभर आठवत बसलो. उंची माहीत आहे. बरोबर इंचापर्यंत.

पण प्रेम असल्या गोष्टींवर असतं का? नाही.

९ मे

तिला मेसेज केला. "रविवारी ओतूरला येतो. पप्पांना काय सांगू, ते तूच सांग."

लगेच उत्तर आलं. इतक्या लवकर कधीच आलं नव्हतं. "जे खरं आहे तेच सांग. थँक्यू."

खरं! खरं सांगितलं तर तिचं शिक्षण तिथंच संपेल, एवढंही कळत नाही तिला. भोळी आहे. मी बरोबर जुळवून सांगेन. एकदा खोटं बोललो तिच्यासाठी तर काय बिघडलं.

११ मे, रविवार

सकाळी अंगणात अण्णा गाडी पुसत होते. माझी. "ओतूरला चाललास?" म्हणाले. मला. थेट.

"हो."

"नारायणगावच्या पुढं खड्डं हायेत. आन् डोस्कं थंड ठिव."

रस्ताभर मी वाक्यं जुळवत गेलो. कुठं काय विचारतील, त्यावर काय थाप मारायची, सगळं पाठ केलं.

तिच्या पप्पांचं फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. मी नाव सांगितलं तसं त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला "दहा मिनिटांनी या पावणं" म्हणून लावून दिलं. स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसलो नाही.

"बोल. तुझं न् अक्षदाचं काय हाय?"

"काही नाही, काका."

"काही न्हाई, मग दात कशापायी पाडलास?"

"माझं डोकंच तसलं आहे. तिच्या जागी दुसरी कोणी असती, तरी पाडला असता. घरात पण माझं कुणाशी पटत नाही."

"तिनं सांगितलं व्हतं मारायला?"

"तिला माहीतसुद्धा नव्हतं. तिनं मला कधीच काही सांगितलेलं नाही."

"फोनवर बोलता म्हनं तुमी."

"मीच मेसेज करायचो. उठसूट. ती आठ-दहा दिवसांनी कधीतरी दोन शब्द टाकायची, ते पण मान राखायला म्हणून."

"आन् कॉलेज सोडलंस, ते?"

"ते माझ्या रागानं सोडलं. तिचा काय संबंध?"

त्यांनी पंपाच्या नळीची गुंडाळी हातात घेतली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"घरी कोन कोन आस्तं तुज्या?"

"आई, अण्णा."

"बोलतोस का त्यांच्याशी?"

ह्याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. त्यांनी आत बघून चहा सांगितला. चहा अक्षदानं आणला नाही, दुकानातल्या माणसानं आणला. ती घरात होती की नव्हती, मला माहीत नाही. निघताना ते म्हणाले, "जाऊ दे तिला कॉलेजात, म्हंतोस?" मी म्हटलं, "ते तिला विचारा, काका. त्या पोराविरुद्ध तिनं स्वतः अर्ज लिहिला होता. मी वाचलेला नाही."

परत येऊन वर बसलोय. ऊन उतरलं. आई खालून जेवायला हाका मारतेय, थोड्या वेळानं जातो.

काम झालं. सगळं गिळलं त्यांनी. मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. मला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. खोटं बोलायला गेलो की कान तापतात, ततपप होतं, आई तिथल्या तिथं पकडते. आज त्या दुकानात एवढं बोललो, एकामागून एक, त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन. एका शब्दालासुद्धा अडखळलो नाही.